सहा खुर्च्या आणि कापूस नावाचं मांजर

८ नोव्हेंबर

आजही खुर्च्या ठरल्या नाहीत, आणि दोष माझ्यावर आलाय. येऊ दे.

सूनबाईला जेवणाच्या टेबलाभोवती सहा खुर्च्या हव्यात. नव्या नकोत, जुन्याच हव्यात. म्हणजे कुणाच्या तरी आजोबांनी बसून झिजवलेल्या, मग दुसऱ्या कुणीतरी घासून, ठोकून, पॉलिश मारून, नवं कापड चढवून परत उभ्या केलेल्या. ती त्यांना विंटेज म्हणते. मी म्हटलं, अगं, घरात एक विंटेज आधीच बसलीय, तिला कधी पॉलिश केलंस का? ती हसली. चिरंजीव हसले नाहीत. त्यांना माझा विनोद कळायला दुसरा दिवस उजाडावा लागतो.

खरं तर हे सगळं चिरंजीवांमुळेच सुरू झालं. जेवता जेवता त्यांची प्लास्टिकची खुर्ची मोडली. मोडला तो खुर्चीचा पाय. यांचा नुसता रुबाब. पण त्या दिवसापासून सूनबाईनं मनावर घेतलंय.

हे मी फोनशी बोलतेय. नात शिकायला दुसऱ्या गावी गेली, जाताना हे करून गेली. हिरवं बटण दाबायचं, बोलायचं, फोन लिहून ठेवतो. तारीखही तोच घालतो. मला एक अक्षर वाचता येत नाही, म्हणजे आत काय लिहिलंय ते मलाही कळणार नाही. असं गुपित जगात कुणाचं असेल? आपलं आपल्यापासूनसुद्धा सुरक्षित! नातीला शपथ घातलीय, उघडायचं नाही.

११ नोव्हेंबर

पुन्हा दुकान. पूर्वी ती धान्याची वखार होती म्हणे. उंच छप्पर, आणि खाली खुर्च्याच खुर्च्या – भिंतीला टेकलेल्या, एकमेकींच्या मांडीवर उलट्या बसलेल्या, काही तर छताला टांगलेल्या. वार्निशचा वास नाकातून थेट मेंदूत. मालकांच्या बोटांनाही तोच वास येतो, म्हणून मी त्यांना मनात वार्निशवाले म्हणते.

आमच्या दोघींची कामं वाटलेली आहेत. सूनबाई डोळ्यांनी बघते, मी बुडानं. तिनं बोट दाखवायचं, मी बसायचं, मग मदतीशिवाय उठता येतं का ते सांगायचं. आज एकीत बसले तर गुडघे कानाला लागले. दुसरी डुगडुगत होती. तिसरीची पाठ अशी ताठ की चुकून शाळेत आल्यासारखं वाटलं – आणि मी तर शाळेत कधी गेलेच नाही. सूनबाई म्हणाली, आई, तुम्हाला खुर्चीच नकोय, खोड काढायचीय. खोटं नाही ते.

शेवटी मागच्या कोपऱ्यात एक संच निघाला. गडद लाकूड, गोल पाठ, बसायला सायीच्या रंगाचं कापड. सहा होत्या, त्यातल्या दोघींना हात. हातवाल्या खुर्चीत मी बसले आणि दोन्ही हातांवर जोर देऊन कुणाला हाक न मारता उठले. बसताना खुर्ची, उठताना माणूस. सूनबाईचे डोळे लकाकले. मी मात्र म्हटलं, बघू. लगेच हो म्हटलं तर आपली किंमत राहत नाही.

मागे खिळेवाली बसते. गाद्या ती भरते. तोंडात बारीक खिळे धरते, एकेक काढून ठोकते, आणि तशीच बोलते. तिनं खालून बोटं लावून ढकललं तर खुर्चीचं बसायचं अख्खं फळकूट वर उचलून आलं, पातेल्यावरचं झाकण यावं तसं! म्हणाली, कापड बदलायचं तर एवढंच काढायचं, खुर्चीला धक्का नाही.

तिचं एक मांजर आहे. रंगानं कोळसा, नाव कापूस. दिवसभर भरावाच्या कापसात झोपतं म्हणून. घरी तिला दुसरं कुणी नाही, म्हणून पिशवीत घालून सोबत आणते. वार्निशवाल्यांना ते खपत नाही. तिच्यासारखी कारागीर मिळत नाही म्हणून चालवून घेतात.

१४ नोव्हेंबर

आज काही सांगायचं नाही.

१५ नोव्हेंबर

फोनला काय कळतंय. सांगून टाकते.

काल संच पक्का करायला गेलो. मी त्याच हातवाल्या खुर्चीत राणीसारखी बसले. वार्निशवाले कौतुक सांगत होते – आजी, साठ वर्षांची खुर्ची आहे, पण एक सांधा हलत नाही! मी म्हटलं, माझेही हलत नाहीत हो, म्हणून तर मला बसून बघायला आणलंय.

सगळे हसले. सूनबाई हसली, मालक हसले, खिळेवालीनं खिळे गिळू नयेत म्हणून तोंडावर हात धरला. सगळ्यांत जास्त मी हसले. माझ्या विनोदाला मीच जास्त हसते, जन्माची खोड. आणि हसता हसता खाली गरम लागलं.

चमचाभर नाही. चांगलं वाटीभर.

घरी एकदोनदा झालं होतं, शिंकताना. पण घरचं घरी. बाहेर जाताना मी आत कापडाची घडी घेते, काल म्हटलं, दुकान जवळच तर आहे, कशाला. तर तिथं, चार माणसांत, सायीच्या कापडावर! मी शाल कमरेला गुंडाळून उठले. मनात म्हटलं, कुणी बघायच्या आत दाराकडे सरकावं. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरच्या कापसानं उडी मारली ती माझ्या जागेवर. गरम जागा मांजराला लगेच कळते. हुंगलं, पाय झटकले आणि उतरलं. वार्निशवाल्यांनी वळून बघितलं ते नेमकं तेव्हाच.

केवढे ओरडले! घाण केली, नवं कापड होतं, कितीदा सांगितलं. खिळेवाली हातोडी टाकून उठून आली. म्हणाली, कापूस असं करत नाही, मालक. कधीच केलं नाही. मालक म्हणाले, मग काय खुर्चीनं केलं?

इथपर्यंत मी नुसती गप्प होते. गप्प राहिले असते तरी चाललं असतं. मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. तरी माझं तोंड उघडलं –

"हो हो, मघापासून तिथंच घुटमळत होतं ते."

खिळेवालीनं माझ्याकडे बघितलं. मी छताला टांगलेल्या खुर्च्या बघत राहिले.

मालकांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं, उद्यापासून मांजर दुकानात दिसता कामा नये. सूनबाईनं आपला लांब कोट काढून माझ्या अंगावर घातला. चला आई, उशीर होतोय, बाहेर गार आहे. मी मनात म्हटलं, बरं झालं, आपसूक झाकलं गेलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते काल मी डोळ्यांनी बघितलं. चोराच्या जागेवर बसून बघितलं.

१६ नोव्हेंबर

कपडे स्वतः धुतले, न्हाणीघराला आतून कडी लावून. चिरंजीव बाहेरून विचारतात, आई, पडलीस का? म्हटलं, पडले असते तर बरं होतं, तेवढं तरी अभिमानानं सांगता आलं असतं. त्यांना वाटलं विनोद केला. आज नेमके हसले.

१८ नोव्हेंबर

सूनबाई म्हणाली, आई, चला ना दुकानात, एकदा शेवटचं बसून घ्या आणि संच घेऊन टाकू. मी म्हटलं, गुडघा धरलाय. ती म्हणाली, मग उद्या. मी म्हटलं, उद्याही धरेल.

ती थांबेना. तुम्ही बसल्याशिवाय मी घेणार नाही म्हणाली. मग मी जे बोलले ते बोलायला नको होतं. कशाला हा खुर्च्यांचा सोस? मेलेल्यांच्या खुर्च्या घरात आणून बसवायच्या! तुझ्या माहेरी होत्या का असल्या? असंच तोंडाला येईल ते.

तिनं टेबल पुसलं. पुसलेलंच टेबल पुन्हा पुसलं आणि आत गेली.

एक पाप झाकायला दुसरं करायचं, आणि दुसऱ्यावर पांघरूण घालायला माझ्याकडे शाल एकच.

१९ नोव्हेंबर

पाणी कमी केलंय. हसणंही.

२१ नोव्हेंबर

नातीचा फोन आला. आजी, हल्ली तू चावत का नाहीस गं? मी म्हटलं, दात दुखतायत. ती म्हणाली, तुझे दात तर वाटीत असतात. मला हसू आलं, ते मी दाबलं. दाबताना जास्त भीती वाटली!

हे कुणी सांगत नाही. म्हातारपणी गुडघे जातात सांगतात, डोळे जातात सांगतात. हसणं जपून करावं लागेल हे कुणी सांगितलं नव्हतं. माझ्याजवळ होतं काय? अक्षर नाही, जमीनजुमला नाही. एक जीभ. घरात आल्यापासून तिच्यावरच मी माझी जागा धरून आहे. सासूबाई रागावल्या की त्यांना हसवायची. हे जिवंत असताना यांना हसवायची. आता हसवायला जावं तर मीच भिजायची.

२३ नोव्हेंबर

सूनबाई एकटीच दुकानात जाऊन आली. जेवताना सांगत होती. सांगत होती चिरंजीवांना, पण आवाज माझ्याकडे होता, असं मला वाटलं. चोराच्या मनात चांदणं.

खिळेवाली मांजर घरात कोंडून कामावर येते. ते दिवसभर रडतं. शेजारी भांडायला उठले. तिनं एक दिवस खाडा केला तर मालक बोलले. आता येत्या रविवारी ती कापसाला गावाबाहेरच्या एका गोदामात सोडणार. तिथं उंदीर फार आहेत, उपाशी मरणार नाही, असं ती म्हणाली म्हणे. आणि म्हणताना उलटा खिळा ठोकला.

चिरंजीव म्हणाले, मांजरच ते, रुळेल.

मी ताट सरकवलं. मांजर डोळे मिटून दूध पितं आणि समजतं कुणी बघत नाही. इथं डोळे मी मिटलेत, आणि दूध तुटतंय त्या बिचाऱ्याचं.

२४ नोव्हेंबर

म्हटलं, चल, दुकानात जाऊ. सूनबाई बघत राहिली. गुडघा? म्हटलं, गुडघ्याला विचारलंय, तो हो म्हणालाय.

दोन घड्या घेतल्या.

तिथं सूनबाई वार्निशवाल्यांबरोबर टेबलाच्या उंचीशी खुर्च्या जुळतात का ते फीत लावून बघत होती. मी मागे गेले. खिळेवाली भरावाचा कापूस विंचरत बसली होती. बाजूला पिशवी. रिकामी. मी तिच्यासमोरच्या ठोकळ्यावर बसले. वाटलं होतं, एखादं सरळ वाक्य तयार करून न्यावं. रस्ताभर करत होते. ऐनवेळी त्यातला एक शब्द सापडेना.

"बाई, ते मांजर नव्हतं. ती मी होते."

तिनं तोंडातले खिळे एकेक करून तळहातावर काढले. मला वाटलं, आता म्हणेल, असू द्या आजी, वय झालं. तसं म्हणावं असं फार वाटत होतं. ती तसं म्हणाली नाही.

"मग त्या दिवशी तोंड उघडलंत ते कशाला? नुसतं गप्प तरी बसायचं."

मी म्हटलं, लाज वाटली गं.

"आणि मला सांगून काय होणार? मी कापसाला कधीच दोष दिला नव्हता. मालकांना सांगा."

खरं होतं. मी सोपी जागा निवडली होती. बाईमाणूस, गरीब, समजून घेईल म्हणून. तिची रिकामी पिशवी समोर ठेवून मी तिच्याकडेच माफी मागायला बसले होते!

मालकांपर्यंत जायला वाटेत खुर्च्यांची गर्दी. प्रत्येक खुर्चीच्या पाठीला धरत गेले. सूनबाई तिथंच, हातात फीत. तिला बाजूला पाठवावं असं मनात आलं. मग म्हटलं, नको, ऐकू दे. त्या दिवशी तिच्यादेखतच खोटं बोलले होते.

सांगितलं. विनोद न करता सांगितलं. एवढं मोठं वाक्य विनोदाशिवाय मी जन्मात बोलले नसेन. वार्निशवाल्यांची मान इतकी लाल झाली की त्यांचीच मला दया आली. बिचारे पॉलिशच्या डब्याचं झाकण लावत बसले, लागलेलंच झाकण. म्हणाले, असू दे, असू दे, कापड काय, बदलता येतं. मी म्हटलं, कापडाचं नाही हो विचारत. मांजराचं काय? तेव्हा मागे बघून ओरडले, उद्या आण गं त्याला!

मागून ठोकण्याचा आवाज सुरू झाला. तिनं मला धन्यवाद म्हटलं नाही. का म्हणावं?

गाडी सूनबाई चालवत होती. मी खिडकीबाहेर बघत होते. मग सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाली –

"आई, गप्प मीही बसले होते."

आता आठवलं. त्या दिवशी बाहेर ऊन होतं.

२७ नोव्हेंबर

तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. म्हणजे मी इतके दिवस जे झाकत होते, ते तिनंच आधी कोट घालून झाकलेलं. आणि तिच्यावर मी मेलेल्यांच्या खुर्च्या, तुझं माहेर, असं तोंड सोडलं! तिनं तेही टेबलाबरोबर पुसून टाकलं.

माफी मागायला तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हटलं, परवा मी जरा जास्त बोलले. ती म्हणाली, जरा? एवढंच. आणि माझ्या हातात उशांचे अभ्रे दिले, घडी घालायला.

१ डिसेंबर

संच ठरला. तोच, गडद लाकडाचा. सायीचं कापड नको म्हणाली सूनबाई, विटकरी रंग सांगितलाय. डाग न दिसणारा. हे ती म्हणाली नाही, मी मनात म्हटलं.

आज स्वयंपाकघरात ती खिळेवालीशी फोनवर बोलत होती. मी पाणी प्यायला गेले होते – हो, पिते आता – आणि दाराशी ऐकलं. "कापडाखाली रेक्झिनचा थर घाला, आत काही झिरपायला नको." मग माझी चाहूल लागली, ती बाल्कनीत गेली. पुढचं ऐकू आलं नाही.

पुढचं ऐकायची गरजही नव्हती. तान्ह्या पोराच्या दुपट्याखाली घालतात तसं. माझी खुर्ची वेगळी होणार.

तिचं काही चुकलं नाही. काळजीनंच केलंय. रागानं केलेल्या खुणेशी भांडता तरी येतं. काळजीनं केलेल्या खुणेवर मुकाट्यानं बसावं लागतं. रेक्झिन वाजतं, मला माहीत आहे. दवाखान्यातल्या बाकाला असतं. चारचौघांत मी बसले की चुर्रर्र होणार. पाहुणा विचारणार, हिचीच खुर्ची का हो वाजते? आणि सगळे आपापल्या ताटात बघणार.

५ डिसेंबर

उद्या खुर्च्या येणार. चिरंजीवांनी जुन्या प्लास्टिकच्या जिन्याखाली ठेवल्या. मी म्हटलं, त्यातली एक राहू दे माझ्यासाठी, मला तीच बरी. सूनबाईनं स्वयंपाकघरातून नाही म्हणून सांगितलं. ऐकू बरं येतं हिला.

रात्री जेवले नाही. पोट बिघडलंय म्हटलं. नातीला फोन करावासा वाटला, पण काय सांगू? उद्यापासून तुझ्या आजीला ओळखायची खूण मिळणार, डोळे मिटलेस तरी कळेल कुठं बसलीय!

६ डिसेंबर

आल्या. खिळेवाली स्वतः लावून द्यायला आली होती, पिशवीत कापूस. त्यानं माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. बरोबर आहे त्याचं.

घरात कुणी नाही असं बघून मी हातवाल्या खुर्चीत बसले. चुर्रर्र. वाटलंच होतं. उठले. मग कसं कोण जाणे, शेजारच्या, बिनहाताच्या खुर्चीत बसले. तीही वाजली. तिसरी. चौथी. टेबलाला धरत धरत पूर्ण फेरी मारली.

सहाही वाजतात.

जेवताना चिरंजीव दोनदा उठून बसले, खाली वाकून बघितलं. या खुर्च्या आवाज कसला करतात गं? सूनबाई त्यांना वाढत होती, वर न बघता म्हणाली, "जुन्या आहेत. जुनी माणसं बसली की बोलणारच."

मला हसू आलं. दाबलं नाही.